महाराष्ट्र केसरीची गदा : अलिबाग, खोपोली, रोह्याला येऊन गेलेला मान आज दोन ठिकाणी का वाटला जातो?

अलिबाग : भातकापणी उरकून झोडणी-मळणी संपली की कुस्तीचा हंगाम सुरू होतो, आणि मग गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतोच. डोक्याला फेटा, अंगाला गुलाल, खांद्यावर चांदीची गदा. खाली लिहिलेलं असतं, नवा महाराष्ट्र केसरी. सगळे अंगठे दाखवतात, फुलं टाकतात. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र घोळ झालाय. पहिला फोटो शिळा होतो न होतो, तोच दुसऱ्या पैलवानाचा तसाच फोटो येतो. त्यालाही गदा, त्यालाही फेटा, खाली तोच किताब. मग ग्रुपवर वाद सुरू. यातला खरा कोण आणि बनावट कोण?

फोटो दोन्ही खरे असतात. पैलवानही दोन्ही खरे, घाम गाळून आलेले. वाद पैलवानांचा नाहीच, तो संघटनांचा आहे. आणि तो समजायचा तर ही गदा मुळात कुठून आली, तिला एवढी किंमत का आली, हे माहीत पाहिजे.

राजे गेले, मग तालमींना वाली कोण?

आपल्याकडे कुस्ती जगली ती राजाश्रयावर. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली आणि १९१२ साली खासबागचं मैदान बांधलं. मैदान असं, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मधला हौदा स्वच्छ दिसावा. सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांतही पैलवान पोसले जायचे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. पैलवानाचं दूध-तूप कोणी द्यायचं, हा प्रश्न उभा राहिला.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ मेडल आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. त्यांना तिकडे जायला लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. म्हणजे पैलवान होते, लोकांचं प्रेम होतं, पण मागे उभी राहील अशी व्यवस्था नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुळशीच्या मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. जिल्ह्याजिल्ह्यात शाखा, वर्षातून एक अधिवेशन आणि त्यात कुस्त्या, अशी पद्धत पडली. मधल्या काळात देशपातळीवर हिंद केसरी किताब सुरू झाला आणि १९५९ साली दिल्लीत कोल्हापूरच्या श्रीपती खंचनाळेंनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून तो जिंकला. देशाचा केसरी आहे, तर राज्याचा का नको? १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६१ ला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली लढत झाली. जिंकले सांगलीचे दिनकर दह्यारी.

तेव्हापासून हा मान वर्षातून एकदा, एकालाच. अंतिम कुस्ती निकाली झाली नाही म्हणून कोणालाच केसरी न करता घरी पाठवलेलीही वर्षं या इतिहासात आहेत. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण कमी पडणाऱ्याला द्यायचं नाही, या बाण्यामुळेच किताबाचं वजन वाढलं असं मला वाटतं.

गदेचं म्हणाल, तर ती पुण्यात घडते. आत सागवानी लाकूड, वर नक्षीकाम केलेला चांदीचा पत्रा. वजन साधारण दहा-बारा किलो. त्यावर एका बाजूला हनुमान आणि दुसऱ्या बाजूला मामासाहेब मोहोळ. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय ही गदा देत आले आहेत.

तीनदा ही गदा आपल्या जिल्ह्यात आली

कुस्ती म्हणजे घाटावरचा खेळ, आपला संबंध फक्त कबड्डीशी, असं आपल्याकडची नवी पोरं सर्रास म्हणतात. त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहितो.

१९७१ सालचा महाराष्ट्र केसरी अलिबागला ठरला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. अलिबागला जिंकले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे दादू चौगुले. आदल्या वर्षी, १९७० ला, त्यांनी पुण्यात गदा घेतलेली होतीच. सलग दुसरी त्यांनी इथे समुद्राकाठी घेतली. पुढे १९७४ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी देशाला सिल्व्हर मेडल मिळवून दिलं. म्हणजे अलिबागच्या लोकांनी ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तो गडी तीन वर्षांनी जगात पोचला. आणि २००० साली त्यांचा मुलगा विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाला. बापानंतर मुलानेही तोच किताब घेतला.

दुसऱ्यांदा गदा आली १९८० ला, खोपोलीत. बोरघाटाच्या पायथ्याचं, कारखान्यांचं गाव. पुणेकर घाट उतरून येणार, मुंबईकर गाडीने येणार, अशी सोयीची जागा. तिथे जिंकले सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीचे इस्माईल शेख. या नावाची गोष्ट पुढे फार मोठी झाली. त्यांचे भाऊ अप्पालाल शेख १९९२ ला महाराष्ट्र केसरी झाले आणि तिसरे भाऊ मुन्नालाल शेख २००२ ला. एका घरातले तीन सख्खे भाऊ, तिघांकडे गदा. त्यातली पहिली खोपोलीच्या हौद्यातून गेली, हे खोपोलीतल्या किती जणांना माहीत असेल? त्या तालुक्यातल्या शाळांनी तरी हे पोरांना सांगायला पाहिजे.

तिसरी वेळ २०१० ची, रोह्याची. ही पाहिलेली माणसं गावागावात आहेत, तुमच्या घरातही असतील. त्या वेळी जिंकला सोलापूरचा समाधान घोडके.

तीन वेळा यजमानपद आणि तिन्ही वेळा गदा घाटावर गेली. विजेत्यांची पूर्ण यादी वाचली तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, नगर हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. याचं कारण आपल्या पोरांच्या अंगात ताकद नाही हे नव्हे. होडी वाळूवर ओढणारा कोळी आणि चिखलात चार महिने वाकून लावणी करणारा शेतकरी काय ताकदीचा असतो, ते सांगायला नको. पण तालीम लागते. रोज पहाटे चारला उठवणारा वस्ताद लागतो. हौद्याची माती लागते, ती तेल, हळद, ताक, लिंबू घालून राखावी लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती राखणं हेच एक काम होऊन बसतं. त्यात खुराक. दूध, तूप, बदाम यांचा एका पैलवानाचा वर्षाचा खर्च धरला तर माझ्यासारख्या दोन एकर भात लावणाऱ्याच्या हातात त्यातलं निम्मंही राहत नाही. घाटावर घरची म्हैस असते, ऊस असतो, आणि गावात एक पैलवान घडवायचा म्हणून दहा घरं दूध घालतात. आपल्याकडे तेच प्रेम कबड्डीला मिळालं. कबड्डीला जागा लागते थोडी आणि खर्च लागतो त्याहून थोडा.

गदा खांद्यावर आली की पुढे काय?

टीव्हीवरच्या इंग्रजी कुस्त्या पोरं बघतात, तिथले सोनेरी पट्टे त्यांना तोंडपाठ. तिथे कोण जिंकणार हे आधी लिहिलेलं असतं, तो तमाशा आहे आणि तमाशा म्हणून चांगलाच आहे. महाराष्ट्र केसरी तसा नाही. पण ही नुसती हौसेची गोष्ट आहे असंही नाही. पैलवानाचं पोट यावर चालतं.

हिशेब सरळ आहे. पैलवान वर्षभर जत्रा-यात्रांच्या मैदानांत लढतो. तिथे कुस्त्या जोडलेल्या असतात. शेवटची, पहिल्या नंबरची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची. गदा मिळालेल्या पैलवानाला ती पहिल्या नंबरची कुस्ती मिळते. पोस्टरवर त्याचा फोटो सगळ्यात मोठा लागतो, आणि इनामाचा आकडा त्याच्याशी बोलून ठरतो. पूर्वी गदा आणि फेटा एवढ्यावर समाधान असायचं. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला विजेत्याला थार गाडी आणि रोख पाच लाख मिळाले. पैलवानांचं सरकारी मानधन वाढवण्याची घोषणाही त्याच मैदानात झाली.

नोकरीचं दारही उघडतं. नरसिंग यादवने २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा किताब घेतला. त्याच्या पाठोपाठ चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने २०१४, २०१५, २०१६. दोघेही पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. अर्थात गदा म्हणजे कायमची हमी नव्हे. नरसिंगचंच बघा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला तो पोचलेला असताना उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली आणि तो न लढताच परतला.

माती आणि गादी

मैदानात बसल्यावर बरेच जण गोंधळतात म्हणून हे सांगतो. सुरुवातीला सगळं मातीत होतं. जगात कुस्ती मॅटवर चालते, म्हणून आपल्याकडे मॅटही आली, तिला आपण गादी म्हणतो. आता स्पर्धेत दोन वेगळे विभाग असतात. माती विभागातून एक विजेता निघतो, गादी विभागातून एक, आणि या दोघांत किताबाची लढत होते. किताबाचा वजनगट ८६ ते १२५ किलो.

मातीतल्या जुन्या कुस्तीत पाठ लागली की निकाल, नाहीतर अर्धा तास झोंबा. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि गुण. समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकललं तर एक, खाली आणून ताबा घेतला तर दोन, मोठी फेक असेल तर चार. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबते. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकवले, म्हणजे चितपट केलं, तर गुण कितीही असोत, कुस्ती संपली.

यामुळे पंचाच्या हातात फार आलं. २०२३ च्या कोथरूडच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरची टांग या डावाला चार गुण द्यायचे की नाही, यावर महाराष्ट्रभर वाद झाला. एका डावाचे व्हिडिओ लोकांनी हळू करून करून पाहिले. जुन्या वस्तादाला हे पटत नाही, आणि मला वाटतं त्याचं चुकत नाही. पण गुणांशिवाय ऑलिंपिकची तयारीही होत नाही.

या सगळ्यात एक चांगली आठवण २०२० च्या जानेवारीतली, बालेवाडीची. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या शैलेशला त्याने खांद्यावर उचलून घेतलं. गदेपेक्षा तो फोटो जास्त फिरला.

एक किताब, दोन संघटना

आता मूळ प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष बरीच वर्षं शरद पवार आणि कारभार सरचिटणीस बाळासाहेब लांडगे यांच्याकडे. २०२२ च्या मध्यावर देशाच्या कुस्ती महासंघाने, तेव्हा अध्यक्ष होते ब्रिजभूषण शरण सिंह, ही परिषद बरखास्त केली आणि वर्ध्याचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. परिषदेने ते मानलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही बाजूंना राजकारणी, हे वेगळं सांगायला नको.

त्याचा परिणाम बघा. २०२३ या एका वर्षात तीन गदा दिल्या गेल्या. जानेवारीत कोथरूडला शिवराज राक्षे जिंकला. नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला सिकंदर शेख जिंकला. त्याच नोव्हेंबरमध्ये धाराशिवला दुसऱ्या संघटनेची स्पर्धा झाली, तिथे पुन्हा शिवराज राक्षे. आधी बासष्ट वर्षं जो मान वर्षाला एकाला मिळायचा, तो एका महिन्यात दोघांना मिळाला.

२०२५ मध्येही तेच. २ फेब्रुवारीला अहिल्यानगरला मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. त्या दिवशीचा प्रकार सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाच असेल. गादी विभागात पंचाने शिवराज राक्षेला चितपट दिलं. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असं त्याचं म्हणणं. तो पंचाच्या अंगावर गेला, कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणांवरून चिडून मैदान सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घातली गेली. पंचावर हात टाकणं याला माफी नाही, यात दुमत नको. पण ज्या स्पर्धेवर निम्म्या राज्याचा विश्वास नाही, तिथे पंचाच्या शब्दावर विश्वास कुठून येणार, हेही विचारायला पाहिजे.

मग मार्चमध्ये कर्जतला दुसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. हे कर्जत आपलं नव्हे बरं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तेव्हा आपल्याकडच्या काही ग्रुपवर आपल्या तालुक्यात महाराष्ट्र केसरी म्हणून मेसेज फिरले होते. आणखी एक गंमत म्हणजे स्पर्धेचा क्रमांक. फेब्रुवारीतली ६७ वी आणि नंतर मार्चमध्ये झालेली ६६ वी, कारण प्रत्येक संघटना आपापली मोजते.

वरच्या महासंघाचं म्हणाल, तर त्यालाच २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने निलंबित केलं होतं. ते निलंबन उठलं मार्च २०२५ मध्ये. म्हणजे मान्यता देणाऱ्याचीच मान्यता सव्वा वर्ष टांगणीला होती.

आपल्या पोराला कुस्तीत घालायचं असेल तर

दोन केसरी झाले तर जिंकणाऱ्यांचं फार बिघडत नाही, दोघांनाही मैदानं मिळतात. खरा घोळ खालच्या पोरांचा होतो. राज्य स्पर्धेला जायचं तर जिल्ह्याच्या निवड चाचणीतून जावं लागतं. प्रत्येक वजनगटात जिल्ह्यातून एक मातीचा, एक गादीचा पैलवान जातो. संघटना दोन झाल्या की निवड चाचण्याही दोन होऊ शकतात. तुमच्या पोराने कोणत्या चाचणीत लढायचं, आणि मिळालेलं प्रमाणपत्र पुढे चालेल की नाही, हा प्रश्न तुमच्यावर येतो.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तिथे स्पर्धा कोणत्या मान्यताप्राप्त संघटनेची, हे बघतात. म्हणून चाचणीला जाण्याआधीच आयोजकांना विचारा, तुमची मान्यता कोणाची, आणि कागद दाखवा म्हणा. त्यात लाजायचं काही नाही. खात्री करायची तर अलिबागजवळ नेहुलीला जिल्हा क्रीडा संकुल आहे, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारता येतं.

पोरगं अजून शाळेत असेल तर या भांडणात पडायचं कारणच नाही. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय कुस्ती स्पर्धा क्रीडा खात्यामार्फत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती पायरी आहे. नाव शाळेतून जातं, खेळाच्या शिक्षकांना सांगावं लागतं, आणि ते जूनमध्येच सांगून ठेवा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुणही याच स्पर्धांवर मिळतात.

आणि केसरी म्हणजे फक्त शंभर-सव्वाशे किलोच्या गड्यांचा खेळ असं समजू नका. त्याच अधिवेशनात ५७ किलोपासूनचे वजनगट असतात. आपल्याकडची काटक पोरं त्याच गटांत बसतात. मुलींचंही तसंच. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली आणि अंतिम लढतीत तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. कल्याण म्हणजे पनवेलहून लोकलने जाता येईल एवढ्या अंतरावर.